ओझं उतरलं की सरकलं : बेळगावच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

वीज, जळण आणि कचरा कुठे कमी करता येईल हे बघण्याच्या आमच्या कामाची यादी पक्की झाली. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतणारा कारखाना), शहरातलं एक मंगल कार्यालय, वडगावातल्या एका गल्लीतली घरं आणि निपाणी तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. गुऱ्हाळाचं काम दिवाळीनंतरच; ऊस आल्याशिवाय तिथे बघण्यासारखं काही नसतं. फाउंड्री आणि कार्यालय फी देणार आहेत. गल्ली आणि गुऱ्हाळ आम्ही त्याच फीमधून करणार.

पर्यावरण दिन होऊन चार दिवस झालेत, त्यामुळे सगळीकडे रोपं लावल्याचे फोटो आहेत. फाउंड्रीच्या मालकांनी बसायच्या आधीच विचारलं, "झाडं किती लावूया सांगा की. उद्याच लावूया." झाडं जरूर लावा, पण आमच्या हिशेबात ती धरणार नाही, असं सांगितल्यावर ते जरा नाराज झाले. मग कागदावर मांडून दाखवलं. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, असं ढोबळमानाने धरतात. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो बाहेर पडतो. म्हणजे एका झाडाचं वर्षभराचं काम तीस युनिटांच्या आसपास. साडेतीनशे किलोवॅटची भट्टी तेवढी वीज पाच मिनिटांत घेते. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

वहीत प्रत्येक उपायापुढे दोन रकाने आखले. एक : मीटरवर, वजनकाट्यावर, सिलिंडरच्या हिशेबात किती उतरलं? दोन : उरलेलं कुठे गेलं? दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्यातला आकडा कुणाला सांगायचा नाही.

१३ जून

दिवसभर बिलं. फाउंड्रीची वर्षभराची हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, बिलं एका फाइलमध्ये नीट लावलेली मिळाली, पण ती कुणी वाचलेली नाहीत. बिल कन्नडमध्ये असतं हे एक कारण. दुसरं जास्त खरं कारण म्हणजे सगळ्यांची नजर शेवटच्या रकमेवर जाते. मधल्या ओळी, म्हणजे कमाल मागणी केव्हीएमध्ये किती लागली, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली कामी किती लागली) किती, यांत खरी गोष्ट असते. एक छापील बिल घेऊन प्रत्येक ओळीशेजारी पेनाने मराठीत काय ते लिहिलं आणि त्याची झेरॉक्स सुपरवायझरच्या टेबलाच्या काचेखाली सरकवली.

अडचण पुढे आली. युनिटं कळली, पण टन कुठले धरायचे? अकाउंटच्या वहीत विकलेल्या मालाचं वजन आहे. भट्टीत वितळवलेल्या लोखंडाचं वजन कुणी लिहीत नाही. ओतलेल्या धातूपैकी बराचसा रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांमध्ये, जातो, तो तोडून परत भट्टीत पडतो. रिजेक्ट, म्हणजे नापास, झालेलं कास्टिंगही (ओतलेला भाग) तिकडेच. तेच लोखंड दोनदा-तीनदा वितळतं आणि बिल दरवेळी येतं. आजपासून प्रत्येक हीटला (भट्टीच्या एका खेपेला) चार्जचं, म्हणजे आत टाकलेल्या मालाचं, वजन, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग आणि वेळ लिहायची. वही भट्टीवाल्याकडेच राहील, ऑफिसात नाही.

१९ जून

फाउंड्रीत संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. बाहेर पाऊस धरून होता, आत भट्टीजवळ उभं राहवत नव्हतं.

लोखंड पंधराशे अंशांपर्यंत नेऊन वितळवायला पुस्तकी हिशेबाने टनाला चारशे युनिटं लागतात. चांगल्या चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या साडेपाचशे ते साडेसहाशेमध्ये बसतात. इथला आकडा सातशेच्या पुढे आहे. फरक कुठे जातो ते शोधायला कुठलंही यंत्र लागलं नाही, घड्याळ पुरलं.

धातू तयार झाला, पण साचे तयार नव्हते. मोल्डिंगवाले अजून बॉक्स बंद करत होते. तोवर भट्टी चालू ठेवून धातू तापता ठेवला, उघड्या तोंडाने. झाकण आहे, भिंतीला टेकवून ठेवलंय, त्याच्यावर कुणाचा तरी शर्ट वाळत होता. उघड्या भट्टीच्या तोंडातून जाणारी उष्णता डोळ्यांनाच दिसते. झाकण का नाही घालत विचारल्यावर भट्टीवाले काका म्हणाले, "ते उचलायला दोघं लागत्यात. दुसरा कुठाय?" त्यांचं बरोबर आहे. झाकणाला कप्पी आणि उलटं वजन लावलं तर एका हाताने उचलेल. वेल्डर त्यांच्याकडेच आहे, लोखंडाला तर तोटाच नाही.

दुसरी गोष्ट स्क्रॅपची. गंजलेलं, मातीने भरलेलं स्क्रॅप तसंच आत टाकतात. मातीचा स्लॅग (वितळलेला मळ) होतो, तो वितळवायलाही वीजच लागते. शिवाय भट्टीच्या अस्तराला तो खातो. रनर-रायझरला चिकटलेली वाळूही त्याच वाटेने जाते. ते आधी बडवून, झाडून टाकायला एक माणूस लागेल. मालक म्हणतील पगार वाढला. स्लॅगच्या एका ढिगाचं वजन करून दाखवणार आहे.

तिसरी गोष्ट मी आल्यापासून मनात आहे, ती म्हणजे रिजेक्शन. सविस्तर नंतर.

२६ जून

कॉम्प्रेसर. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू केला. हवा कुणी वापरत नसताना तो खरं तर एकदा भरून शांत बसायला हवा. पण तो लोड घेत होता (हवा भरत होता), सोडत होता, परत घेत होता. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून वेळ, एवढाच हिशेब. दोन मिनिटं लोड आणि चार मिनिटं अनलोड असेल तर एक तृतीयांश हवा गळतीतून जाते. इथे जवळजवळ तसंच निघालं.

साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन पाइपांवरून फिरलो. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) ग्राइंडरचे होज, कपलिंग, आणि एक जुनी लाइन जी पूर्वी कुठल्या तरी मशीनला जायची आणि आता भिंतीपाशी नुसती फुसफुसत उभी आहे. शिवाय दाब सात बारच्या वर ठेवलाय, "असू दे जास्त" म्हणून. एक बार उतरवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्के कमी होते. हळूहळू उतरवून बघणार, ग्राइंडरवाल्यांची तक्रार येईपर्यंत.

या कामात फोटो काढण्यासारखं काही नाही. मालकांच्या मुलाला ते खटकलं असावं. त्याने विचारलं, "सोलरचं कधी बघायचं?" आधी गळती, मग सोलर, असं सांगितलं.

४ जुलै, वडगाव

गल्लीतल्या मावशींनी पहिल्याच वाक्यात आमची यादी निकालात काढली. "बिल शून्य येतंय की हो. मग बल्ब कशाला बदलायचा?"

कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना २०२३ पासून आहे. २०२२-२३ सालची तुमची सरासरी आणि वर थोडी भर, दोनशे युनिटांच्या आत असेल तेवढी वीज फुकट. गरीब घराला त्याचा आधार आहे, त्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण वीज वाचवा म्हणजे पैसे वाचतील, हे वाक्य या गल्लीत खोटं आहे. ऐंशी युनिटं जाळणाऱ्या घराने साठ केली तर हातात काही येत नाही. आणि 'पृथ्वीसाठी करा' असं ज्यांच्या घरी खाली माग आणि वर संसार आहे त्यांना सांगायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून घरं दोन गटांत पाडली. जी दोनशेच्या काठावर आहेत त्यांना विजेबद्दल सांगायचं, कारण दोनशे ओलांडले की त्या महिन्याचं सगळंच बिल भरावं लागतं. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसच्या आत. बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला सोळा युनिटं कमी. काठावरच्या घराला तेवढी पुरतात. बाकीच्या घरांशी विजेबद्दल बोलायचंच नाही. गॅस आणि ओला कचरा, एवढंच बोलायचं.

गॅसबद्दल मावशी स्वतःच उत्साहाने बोलल्या. सिलिंडर किती दिवस गेला हे प्रत्येक घरात तारखेसकट पाठ आहे. कॅलेंडरवर खूण असते. आमची वही तिथे आधीच लिहिलेली आहे. डाळ-कडधान्य भिजवून शिजवणं, कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करणं, हे त्यांना आम्ही शिकवायचं नाही. आम्ही करू शकतो ते वेगळं : बर्नरची भोकं काजळीने बुजलेली असतात, ज्योत पिवळी येते. रिपेअरवाल्याला एक दिवस गल्लीत बसवलं आणि सगळ्यांच्या शेगड्या साफ करून घेतल्या तर? पुढच्या आठवड्यात.

आंघोळीच्या पाण्याचाही हिशेब मांडला. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळजवळ तीन युनिटं लागतात. बेळगावची हवा थंड, त्यामुळे गीझर बाराही महिने. गल्लीत निम्म्या घरांत अजून बंब आहे. त्यात जळतं काय, ते मात्र बघायला हवं. एका बंबाशेजारी रेशमी नव्हे, नायलॉनच्या धाग्याचे गुंते आणि प्लास्टिकच्या बॉबिन होत्या. शेजारच्या आजींनी माझ्या आधीच त्या घरातल्या सुनेला झापलं.

११ जुलै

ओला कचरा मडक्यांत. खानापूरच्या कुंभारांकडून तीन-तीन मडक्यांचे संच आणले, बाजूला भोकं पाडून घेतली. पावसाळ्यात सुरू करणं अवघड असतं : ओल जास्त, वास येतो, अळ्या होतात. त्यावर उपाय कोरडा माल मिसळणं, पण वडगावच्या गल्लीत पालापाचोळा कुठला? सुताराकडचा भुसा चालतो, मात्र प्लायवुडचा नाही, साध्या लाकडाचाच. एक सुतार रोज एक पोतं द्यायला तयार झाला.

ज्यांच्याकडे गच्ची किंवा परसात चार कुंड्या आहेत ती घरं टिकतील, बाकीची दिवाळीपर्यंत सोडतील असा माझा अंदाज आहे. खताचं करायचं काय, याचं उत्तर ज्या घरात नाही तिथे मडकं म्हणजे आणखी एक अडगळ.

काम संपवून येताना टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी थांबलो. १९२४ च्या अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष होते त्या वेळी, ही विहीर खोदली. पाणी अजून आहे. जुन्या बेळगावात वाड्यावाड्यात विहिरी होत्या. बऱ्याच बुजवल्या किंवा कचऱ्याने भरल्या. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं, थोडं वाया धरलं तरी ऐंशी हजार हाताशी. आणि आपल्याकडे पाऊस हजाराच्या पुढे पडतो. गल्लीत एक बुजत आलेली विहीर आहे. मालकी पाच भावांत. ते कागद सुटेपर्यंत हा विषय बाजूला.

२४ जुलै, मंगल कार्यालय

चातुर्मासात मुहूर्त नाहीत, त्यामुळे कार्यालयाच्या मालकांना वेळ आहे. स्वयंपाकघर रिकामं बघायला मिळालं.

ताटांचा प्रश्न. सध्या बुफेला 'कागदी' प्लेट वापरतात. एक प्लेट पाण्यात भिजवून बोटाने सोलून दाखवली; आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा निघाला. ती ना कागदाच्या भंगारात जाते, ना खतात. पत्रावळीच्या नावाने विकतात त्यातल्या काहींनाही चकचकीत अस्तर असतं. सुपारीच्या पानाची प्लेट खरी, पण महाग. केळीचं पान सगळ्यांत साधं, बुफेला उभ्याने धरता येत नाही एवढंच.

स्टीलची ताटं घ्या म्हटल्यावर मालक म्हणाले, "धुवायला पाणी किती जातंय माहीत आहे काय? मग पाणी वाया नाही का?" प्रश्न योग्य आहे. नळाखाली एकेक ताट धरून धुतलं तर पाणी खूप लागतं. खरकटं आधी ओल्या फडक्याने पुसून, मग तीन हौदांत (साबण, साधं, गरम) बुडवून काढलं तर कमी. आणि शेवटच्या हौदाचं पाणी पुढच्या फेरीच्या पहिल्या हौदात. भांडी धुणाऱ्या बायकांना हे आधीपासून माहीत होतं. हौद कुणी बांधून दिले नव्हते, एवढंच.

मालकांना बायोगॅस हवा होता. कुणीतरी दाखवून गेलंय. मी नको म्हटलं. गॅसच्या टाकीला रोज थोडं-थोडं खाणं लागतं. इथे एका दिवशी हजार माणसांचं खरकटं आणि मग आठवडाभर काही नाही, आणि आषाढापासून कार्तिकापर्यंत तर उपवासच. टाकीतले जिवाणू मरतात आणि ती नुसती वास मारत राहते. शाळेच्या वसतिगृहाला किंवा रोज चालणाऱ्या खानावळीला बायोगॅस शोभतो.

भाजीची देठं, साली, कोबीची पानं जवळच्या गोठ्याला. शिजवलेला भात-पोळी मात्र गुरांना ढिगाने घालायची नाही. पोटात आम्ल होऊन जनावर दगावतं. ते परसातल्या खड्ड्यात, भुसा घालून. आत्ता सगळं एकत्र तुरमुरीच्या कचरा डेपोला जातं. तुरमुरीचे माझे एक नातेवाईक लग्नाला आले की जेवणावर नव्हे, वासावर बोलतात. शहर स्वच्छ दिसतं ते त्यांच्या जिवावर, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं.

८ ऑगस्ट

फाउंड्रीतल्या वाळूचा दुसरा रकाना.

वाळू दोन प्रकारची. साच्याची : सिलिका, बेंटोनाइट (एक चिकणमाती), कोळशाची पूड आणि पाणी, ती काळी, पुन्हा-पुन्हा वापरता येते. आणि कोअरची, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी करणाऱ्या गाभ्याची : रेझिनने (डिंकासारख्या रसायनाने) बांधलेली, धातूच्या उष्णतेने अर्धवट जळलेली. फेकताना दोन्ही एका ढिगात. ट्रॅक्टरवाला येतो, घेऊन जातो. "तो नेतोय की. आपल्याला काय त्याचं?" असं सुपरवायझर म्हणाले.

मोटारसायकलवरून ट्रॅक्टरच्या मागे गेलो. वाळू एका सखल जमिनीत भर म्हणून पडते, पुढे प्लॉट पडणार असावेत. त्या उताराचं पाणी बळ्ळारी नाल्याकडे जातं, आणि तो नाला पावसाळ्यात वडगाव-यळ्ळूरच्या भातशेतीत शिरतो हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेझिनच्या वाळूतून फिनॉलसारखी द्रव्यं पाण्यात उतरतात. शिवाय अशी भर नाल्याची वाट अरुंद करते. फाउंड्रीच्या वहीत याला 'वाळू विल्हेवाट' म्हणून एक रक्कम आहे, ओळ संपली.

सुरुवात म्हणून ढीग वेगळे करायचे, कोअरच्या वाळूवर पत्रा घालायचा म्हणजे पाऊस लागणार नाही. त्याच्याही आधीचा उपाय म्हणजे वाळूच कमी वापरणं : काही जॉबना (कामांना) साच्याचे बॉक्स फार मोठे वापरतात, कारण लहान बॉक्स मोडलेत. लहान बॉक्स दुरुस्त केले तर प्रत्येक साच्यामागे वाळू वाचते. कोअरची वाळू भाजून रेझिन जाळणारं यंत्र एका फाउंड्रीला परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून परवडेल. मालकांनी शेजाऱ्यांशी बोलायचं कबूल केलंय. उद्यमबागेत शेजाऱ्याशी बोलणं म्हणजे गिऱ्हाइकाची गुपितं फुटतील ही भीती, तेव्हा बघू.

२२ ऑगस्ट

गणपती पाच दिवसांवर. गल्लीच्या मंडळाने विचारलं, शाडूची मूर्ती घेतली की झालं ना? प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा चांगलंच. पण शाडूही कुठून तरी खणून, ट्रकने इथवर येतो आणि कपिलेश्वरच्या तलावात गाळ होऊन बसतो. बादलीत विसर्जन करून ती माती कुंभाराकडे परत दिली तर वर्तुळ पुरं होतं. रंग मात्र कमी हवेत, नाहीतर माती परत घेता येत नाही. मंडळाची मोठी मूर्ती राहू दे, घरच्या मूर्तींपासून सुरुवात.

१० सप्टेंबर

माती परत आली, पोत्यांत. मूर्तिकाराने हातात घेऊन चुरगळून बघितली आणि चमकीवाली तेवढी बाजूला काढायला लावली. पुढच्या वर्षी चमकी लावणारच नाही म्हणाला, बघूया.

मडकी : माझा अंदाज दिवाळीपर्यंतचा होता, काही घरांनी गौरी-गणपतीच्या पाहुण्यांतच सोडली. जिथे आजी-आजोबा दिवसभर घरात असतात तिथे उत्तम चाललंय.

२४ सप्टेंबर

परवापासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्यामुळे मालकांच्या मुलाचा फोन सकाळीच. आता सोलर घेऊच या.

बसून हिशेब केला. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाला चौदाशे-पंधराशे युनिटं देतं. पन्नास किलोवॅटचं छप्पर भरलं तर सत्तर हजारांच्या वर युनिटं. टनाला सहाशेने भागलं तर वर्षाला सव्वाशेच्या आत टन लोखंड. चांगली गोष्ट आहे, करावी. पण छपराचे पत्रे जुने आहेत, ट्रस (छपराचा सांगाडा) ते वजन घेईल का हे इंजिनिअरकडून लिहून घ्या. आणि भट्टी मुख्यतः रात्री चालते, सूर्य दिवसा. नेट मीटरिंगने (दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते) हिशेब जुळतो, पण रात्रीची वीज ग्रिडचीच, बऱ्याच अंशी कोळशाची.

मग रिजेक्शनचा विषय काढला. वर्षाला हजार टन वितळवणाऱ्या फाउंड्रीत रिजेक्शन तीन टक्क्यांनी घटलं तर तीस टन लोखंड पुन्हा वितळवावं लागत नाही. म्हणजे अठरा हजार युनिटं. म्हणजे बारा किलोवॅटचं सोलर, एकही पॅनेल न बसवता. वर तेवढी वाळू, बेंटोनाइट, रेझिन, ग्राइंडिंगची हवा आणि माणसांची मेहनत वाचते ती वेगळी. एका रिजेक्ट कास्टिंगवर सगळा खर्च एकदा होऊन गेलेला असतो. माझ्या मते फाउंड्रीतलं सर्वांत मोठं पर्यावरणाचं काम म्हणजे वाळूतला ओलावा दर तासाला तपासणं. हे ऐकून मुलगा हिरमुसला, वडील मात्र खुर्चीत पुढे सरकले. ओलावा तपासायचं यंत्र त्यांच्याकडे कपाटात आहे, सेल संपलेलं.

१६ ऑक्टोबर

कार्यालयाच्या मालकांचा बोर्ड. मसुदा त्यांनीच आणला : 'सीमाभागातलं पहिलं संपूर्ण पर्यावरणपूरक मंगल कार्यालय', हिरव्या अक्षरांत, पानांची चौकट.

पहिलं कशावरून? संपूर्ण कशावरून? केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मागच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर २०२४ ला, अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत : पर्यावरणपूरक, हरित असे मोघम शब्द वापरायचे तर पुरावा हवा आणि तो ग्राहकाला बघता आला पाहिजे. जनरेटर डिझेलवर, हॉलमध्ये एसी, पार्किंगमध्ये दोनशे गाड्या. यातलं काहीही आम्ही अजून हातात घेतलेलं नाही.

आम्ही सुचवलेला मजकूर : 'येथे एकदा वापरून फेकायची ताटं, वाट्या, ग्लास वापरत नाही. उरलेल्या अन्नाचं खत याच आवारात होतं. पाहायचं असल्यास मागच्या बाजूला या.'

"हे कोण वाचणार हो?" मालक म्हणाले. वधूपिता वाचेल, कारण त्याला ताटांचं भाडं दिसेल, असं मी म्हटलं. बोर्ड अजून ठरलेला नाही. लहान प्लास्टिक बाटल्यांचं काय करायचं यावरही वाद बाकी आहे. केटररला त्यावर कमिशन मिळतं हे आज कळलं.

७ नोव्हेंबर, निपाणी तालुका

गुऱ्हाळ सुरू झालं. सकाळी सहाला पोचलो, वेदगंगेकाठचं धुकं आणि धूर यांतला फरक कळत नव्हता.

घाणा वीजेच्या मोटरवर आहे, ते ठीक. खरा प्रश्न चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत. काहिलीत (मोठ्या कढईत) रस आटवायला लागणारं जळण म्हणजे उसाचंच चिपाड. कागदावर हा धंदा स्वतःचं इंधन स्वतः पुरवतो. चिपाड घाण्यातून निघतं तेव्हा निम्मं पाणीच असतं. ते उन्हात पसरून वाळवावं लागतं. यंदा पाऊस लांबला, चिपाड भिजलं, आणि भिजलेलं चिपाड पेटत नाही. मग जुनी टायरं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली रचलेली होती. गुऱ्हाळाचे मालक लपवत नव्हते, "काहील थांबवून चालतंय काय? रस आंबतोय," म्हणाले. अर्ध्या तासात ते गणित मला पटलं आणि म्हणूनच नुसतं 'टायर जाळू नका' म्हणून भागणार नाही हेही.

टायरचा धूर काळा, चिकट. शेजारच्या कोपीवर (झोपडीवर) ऊसतोड्यांची पोरं खोकत होती. राखेचं आणखी वेगळं. चिपाडाची राख शेतात टाकतात, त्यात पालाश असतं. टायरच्या राखेत जस्त आणि लोखंडी तारा. तीच राख त्याच शेतात पडली. तारेचा तुकडा गवतातून बैलाच्या पोटात गेला तर काय होतं हे मालकांनीच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

दिवसभर जळव्याशेजारी, म्हणजे चुलवाणात जळण घालणाऱ्याशेजारी, बसलो. त्याच्याएवढं चुलवाण कुणाला कळत नाही, आणि पगार सगळ्यांत कमी त्याचा. चुलवाणाचं तोंड कायम सताड उघडं. थंड हवा भरभर आत जाते आणि उष्णता धुराड्यातून वर. धुराड्याच्या टोकाला ज्वाळा दिसत होत्या, म्हणजे जळण काहिलीखाली न जळता वर जाऊन जळत होतं. एकदम मोठा भारा ढकलला की धूर, मग ज्वाळा, मग मंद. थोडं-थोडं सतत घातलं तर आच सारखी राहते, पण मग त्याला पाणी प्यायलाही उठता येत नाही. दुसरा माणूस हवा.

गुळव्याशीही, म्हणजे गूळ तयार करणाऱ्याशी, बोललो. मळी काढायला तो अजून भेंडीचा रस वापरतो, पण बाजारात पिवळाधमक गूळ मागतात म्हणून पावडर घालावी लागते म्हणाला. तो वेगळा लढा आहे, आत्ता त्यात शिरत नाही.

ठरलं ते असं. चिपाडावर पत्र्याची शेड, बाजू उघड्या, म्हणजे वारा लागेल आणि पाऊस लागणार नाही. सगळ्यांत आधी हीच. चुलवाणाला लोखंडी जाळी आणि तोंडाला झडप. धुराड्यात हवा कमी-जास्त करायची पट्टी. पुढच्या हंगामात काहिलीच्या बुडाला बाहेरून पात्या जोडून बघायच्या, म्हणजे आचेला जास्त जागा मिळेल. असे प्रयोग झालेले आहेत आणि जळण वाचतं. शेडचा खर्च कोण करणार यावर मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी सहकाऱ्याकडे. फीमधून निम्मा देणार, निम्मा त्यांचा, आणि टायरवाल्याला आजपासून नाही म्हणायचं. त्यांनी फोन माझ्यासमोर लावला.

जळण वाचलं तर चिपाड उरेल. ते वीटभट्टीला विकू म्हणतात. वीटभट्टीचं लाकूड त्यामुळे खरंच वाचणार असेल तर उत्तम. नुसत्या जास्त विटा भाजल्या जाणार असतील तर दुसऱ्या रकान्यात तसं लिहावं लागेल.

१८ नोव्हेंबर

तुळशीच्या लग्नानंतरचा कार्यालयातला मोठा समारंभ. स्टीलची ताटं, तीन हौद. हौद चालले. आग्रह मात्र थांबत नाही. पंगतीत वाढपी जिलेबी वाढतच राहतात आणि पानात उष्टी राहते. वरपक्षाच्या काकांना 'अर्धीच वाढा' म्हणणं म्हणजे अपमान. आचाऱ्याने मार्ग काढला : जिलेबीचा आकारच लहान केला. कुणाच्या लक्षात आलं नाही. खड्ड्यात गेलेलं वजन आचाऱ्याच्या मुलाने काट्यावर लिहून ठेवलंय, पुढच्या समारंभाशी ताडून बघायला.

पाण्याच्या लहान बाटल्या होत्याच.

२८ नोव्हेंबर, उद्यमबाग

झाकणाला कप्पी लागली. शर्ट आता दुसरीकडे वाळतो. जुनी हवेची लाइन कापून टोक बंद केलं, दाब एक बारने खाली, ग्राइंडरवाल्यांची तक्रार नाही. ओलाव्याचं यंत्र चालू झालं. रिजेक्शनबद्दल एवढ्यात बोलणं घाईचं होईल, जॉब बदलले की आकडा हलतो. कोअरची वाळू वेगळी पडते, पण पत्र्याखाली साठतेय, अजून कुठेच गेलेली नाही. दोन शेजारी कारखाने मिळून भाजण्याच्या यंत्राबद्दल बोलायला तयार झालेत, तिसरा विचार करतोय. तोपर्यंत त्या ढिगापुढचा रकाना मोकळाच.

हीटची वही भट्टीवाल्या काकांनी मनावर घेतलीय. भिंतीवर खडूने दोन्ही पाळ्यांचे टनामागचे युनिट लिहायला लागले आणि त्यावरून भांडण जुंपलं. रात्रपाळीचे आकडे कायम चांगले. दिवसपाळीवाल्यांचं म्हणणं, रात्रवाल्यांना भट्टी तापलेली मिळते. आम्हाला सुट्टीनंतरची गार भट्टी आणि पहिल्या हीटचा भुर्दंड. वही काढून बघितलं तर त्यांचं बरोबर निघालं. म्हणून सोमवारपासून पहिली हीट वेगळ्या ओळीत लिहायची, आणि सुट्टीनंतर भट्टी कधी चालू करायची हे आता दोन्ही पाळ्यांनी बसून ठरवायचं.